क्वालिटीचा इंटरव्ह्यू: रबाळेपासून तारापूरपर्यंत कुठेही चालेल अशी तयारी

क्वालिटीच्या इंटरव्ह्यूला येणाऱ्या मुलांचं वाचन कमी नसतं. 'क्वालिटी म्हणजे काय' विचारलं की व्याख्या धडाधड येते, आयएसओचे क्लॉज येतात, सात क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) टूल्सची नावं एका दमात येतात. अडतं ते पुढच्या प्रश्नाला: "बरं, हा जॉब मोज आणि पास की रिजेक्ट ते सांग." (जॉब म्हणजे मशीनवर बनलेला पार्ट.)

समोर बसलेल्या माणसाला उद्यापासून तुमच्या सहीवर माल गेटबाहेर सोडायचा असतो. म्हणून तो तुमच्या उत्तरात तीन गोष्टी शोधत असतो: काय मोजलं, त्यावरून काय ठरवलं, आणि ते कुठे लिहिलं. व्याख्या चुकली तर बहुतेक जण सोडून देतात. यातली एखादी गोष्ट उत्तरातून गायब असली तर मात्र पेन खाली ठेवतात. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत क्वालिटी बघत असल्याने पॅनलवर बसायची वेळ माझ्यावर अधूनमधून येते, त्यावरून सांगतोय.

आधी कारखाना ओळखा

मुंबईच्या आसपास 'क्यूसी इंजिनीयर पाहिजे' ही एकच ओळ पाच वेगवेगळ्या नोकऱ्यांची असू शकते. रबाळे, महापे, वागळे इस्टेट, वसईचं वालीव, अंबरनाथ या भागांत मशीनिंग, शीट मेटल, प्लास्टिक मोल्डिंगची लहान-मध्यम युनिट्स आहेत. तिथे प्रश्न ड्रॉइंग, गेज आणि रिजेक्शनवर येतात. तारापूर, तळोजा म्हटलं की केमिकल आणि औषधं. तिथे लॅब, बॅच रेकॉर्ड आणि डेटा. अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्यांची युनिट्स आहेत; तिथे सोन्याची शुद्धता, वजन, स्टोन सेटिंग आणि कास्टिंगमधली पोरोसिटी. मेकॅनिकल डिप्लोमावाल्याने एचपीएलसी (औषधं तपासायचं लॅबमधलं तंत्र) पाठ करून काही फायदा नाही, आणि बीएस्सी केमिस्ट्रीवाल्याने थ्रेड गेज घोकूनही नाही.

म्हणून पहिलं काम हे. कंपनीच्या वेबसाइटवर सर्टिफिकेट कोणतं टाकलंय ते बघा. नुसतं आयएसओ ९००१:२०१५ असेल तर मूळ गोष्टींवर भर द्या. आयएटीएफ १६९४९ दिसलं तर माल वाहन उद्योगाला जातो. मग एपीक्यूपी (नव्या पार्टचं क्वालिटी नियोजन), पीपीएपी (पार्टला ग्राहकाची मंजुरी), एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच विचार), एमएसए (मोजण्याच्या पद्धतीची तपासणी) आणि एसपीसी (आकड्यांवरून प्रोसेसवर नजर) या पाचही कोअर टूल्सवर प्रश्न येणार हे धरून चाला. पुढे ग्राहक कोण आणि माल काय ते शोधा. एवढं करून आलेला उमेदवार दोन मिनिटांत ओळखू येतो.

जाहिरातीत क्यूसी लिहिलंय की क्यूए (क्वालिटी ॲश्युरन्स), तेही बघा. कारण "दोन्हीत फरक काय?" हा प्रश्न चुकत नाही. "क्यूसी म्हणजे डिटेक्शन, क्यूए म्हणजे प्रिव्हेन्शन" हे बरोबर आहे, पण सगळेच तेवढं बोलून थांबतात. त्याला उदाहरण जोडा: "तयार शाफ्टचा डायमीटर मोजून खराब पीस वेगळा काढणं हे क्यूसी. टूल किती पीसनंतर बदलायचं ते कंट्रोल प्लॅनमध्ये (कुठे काय कधी तपासायचं त्या कागदात) ठरवून खराब पीस होऊच न देणं हे क्यूए."

हातात इन्स्ट्रुमेंट देतील, ते गृहीत धरा

मशीनिंगच्या कारखान्यात टेबलावर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि एखादा जॉब ठेवलेलाच असतो. इथे बोलण्यापेक्षा हात बघतात. जॉब उचलून लगेच जबड्यात घातला, की अर्धा निकाल लागला. आधी जॉब आणि मोजायच्या बाजू पुसा. इन्स्ट्रुमेंटवरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर बघा, पुढची तारीख उलटली नाही ना. मग झीरो तपासा. मायक्रोमीटर फिरवताना शेवटचा दाब रॅचेटनेच द्या. थिंबल (फिरणारी बाहेरची नळी) बोटाने आवळलंत तर रीडिंग कमी येतं आणि समोरच्याला ते दिसतं. एका जागी मोजून थांबू नका. दोन-तीन ठिकाणी मोजा, जॉब ९० अंश फिरवून पुन्हा मोजा. टेपर (निमुळतेपणा) आणि ओव्हॅलिटी (लंबगोलपणा) त्याशिवाय सापडत नाही.

वाचताना हमखास होणारी चूक अर्ध्या मिलिमीटरच्या रेषेची. साध्या मायक्रोमीटरची पिच ०.५ मिमी असते आणि थिंबलवर ५० भाग, म्हणून लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वात लहान माप) ०.०१. स्लीव्हवर (आतल्या स्थिर नळीवर) १९ च्या पुढची अर्ध्याची रेषा उघडी आहे आणि थिंबलवर ४८ आहे, तर रीडिंग १९.५० अधिक ०.४८, म्हणजे १९.९८. अर्ध्याची रेषा नजरेतून सुटली की तोच जॉब १९.४८ होतो आणि चांगला पीस स्क्रॅपमध्ये जातो. घरी मायक्रोमीटर नसेल तर आयटीआयच्या किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन सरांना विचारा, तासभर नाणी, ड्रिल, बेअरिंग, मिळेल ते मोजत बसा. व्हिडिओ बघून हे बोटांत येत नाही.

यानंतरचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. ड्रॉइंगवर २० मिमी शाफ्टला एच-७ टॉलरन्स (मापात चालणारी तफावत), शाफ्टचा म्हणजे लहान लिपीतला एच. कशाने मोजशील? दहातले बरेच जण "व्हर्नियर" म्हणतात. आता आकडे बघा. या साइझला तो टॉलरन्स वर शून्य, खाली २१ मायक्रॉन. म्हणजे शाफ्ट २०.००० ते १९.९७९ मध्ये हवा. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२, म्हणजे २० मायक्रॉन. अख्खा टॉलरन्स एका भागात संपला, मग पास-फेल ठरवणार कशावरून? ०.०१ चा मायक्रोमीटरही अपुराच. इन्स्ट्रुमेंटचा लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या भागाच्या आसपास असावा असा ठोकताळा आहे, त्यामुळे ०.००१ चा मायक्रोमीटर किंवा कंपॅरेटर, आणि संख्या मोठी असेल तर स्नॅप गेज. हे उत्तर जो देतो त्याने इन्स्ट्रुमेंटची निवड समजून केली आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याला जोडून तापमान काढलंत तर फारच छान. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. मशीनवरून नुकताच उतरलेला ५० अंशांचा जॉब मोजला, तर २० मिमीचं स्टील साधारण ७ मायक्रॉन फुगलेलं असतं. २१ मायक्रॉनच्या टॉलरन्समधले ७ तिथेच गेले. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही.

गो, नो-गो गेजचा प्रश्नही नक्की येतो. भोकासाठीच्या प्लग गेजची गो बाजू सर्वात लहान चालणाऱ्या मापाची आणि नो-गो सर्वात मोठ्या मापाची. २० मिमीचं, मोठ्या लिपीतल्या एच-७ टॉलरन्सचं भोक असेल तर गो २०.०००, नो-गो २०.०२१. गो आत गेली नाही तर भोक लहान आहे, बोअरिंग करून रिवर्क होऊ शकतं. नो-गो आत गेली तर भोक मोठं झालं; काढलेला धातू परत लावता येत नाही, पीस सहसा स्क्रॅप. शाफ्टला हेच उलट. नुसतं "गो गेलं पाहिजे, नो-गो नाही" एवढ्यावर थांबू नका. पुढे पीसचं काय करणार ते सांगा.

आकड्यांची भीती काढून टाका

सीपी आणि सीपीके (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती आरामात बसते ते सांगणारे आकडे) यांवर बरेच जण सूत्र सांगतात आणि मग गप्प होतात. एक उदाहरण स्वतः कागदावर सोडवून न्या.

माप ४०.०० ± ०.०५. वरची मर्यादा ४०.०५, खालची ३९.९५, रुंदी ०.१०. समजा सिग्मा (मापं किती पसरलीत त्याचा आकडा) ०.०१ निघाला. सीपी म्हणजे रुंदी भागिले सहा सिग्मा: ०.१० ÷ ०.०६ = १.६७. ऐकायला झकास. पण सरासरी ४०.०० वर नाही, ४०.०२ वर आहे. मग वरच्या मर्यादेपर्यंतचं अंतर उरलं ०.०३, ते तीन सिग्माने म्हणजे ०.०३ ने भागलं की १.००. खालच्या बाजूचं ०.०७ ÷ ०.०३ = २.३३. दोन्हींतलं लहान ते सीपीके, म्हणजे १.००. ग्राहक साधारण १.३३ किंवा १.६७ मागतो, त्यात ही प्रोसेस बसत नाही.

इथे थांबू नका. पुढचं वाक्य नोकरी देतं: "सर, मशीनची ताकद आहे, सेटिंग सरकलंय. ऑफसेट ०.०२ ने मागे घेतला तर सीपीके १.६७ च्या जवळ येईल. सीपीच कमी असता तर ऑफसेटने काही झालं नसतं; मग स्पिंडल, फिक्स्चर, टूल बघावं लागलं असतं."

कंट्रोल चार्टवर (प्रोसेसची मापं ओळीने मांडलेल्या आलेखावर) एकच गोष्ट पक्की ठेवा. कंट्रोल लिमिट प्रोसेसच्या डेटातून निघतात, स्पेसिफिकेशन ड्रॉइंगमधून. पॉइंट कंट्रोल लिमिटबाहेर गेला तरी पीस स्पेसिफिकेशनमध्ये असू शकतो. तो इशारा असतो, रिजेक्शन नाही. सलग सात पॉइंट मध्यरेषेच्या एकाच बाजूला आले तर एकही बाहेर नसताना कारण शोधायला लागायचं. हा चार्ट शूहार्टने १९२४ मध्ये मांडला, हे विचारलं तर सांगा, नाहीतर राहू द्या.

सॅम्पलिंगसाठी आयएस २५०० भाग १ किंवा आयएसओ २८५९-१ चा तक्ता एकदा उघडून बघा. १००० पीसचा लॉट, जनरल लेव्हल २, तर कोड जे, सॅम्पल ८०. एक्यूएल १.० ला दोन डिफेक्टपर्यंत लॉट पास, तिसरा सापडला की रिजेक्ट. एक सापळा आहे: "मग एक्यूएल १ म्हणजे एक टक्का खराब माल चालतो का?" नाही. सॅम्पलमध्ये सापडलेला खराब पीस ग्राहकाला पाठवायचा नसतोच. एक्यूएल हा लॉट घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा आकडा आहे, खराबीची परवानगी नव्हे.

गेज आर अँड आरचे (मोजण्यामुळेच येणाऱ्या फरकाच्या टक्क्याचे) तीन टप्पे तोंडपाठ असू द्या: १० टक्क्यांच्या आत चांगलं, १० ते ३० कामाचं महत्त्व बघून चालवून घ्यायचं, ३० च्या वर मोजण्याची पद्धतच सुधारायची.

"डिस्पॅच थांबलंय, सोडून दे" हा प्रश्न

क्वालिटीच्या इंटरव्ह्यूचा खरा गाभा हा आहे. शब्द वेगळे असतील, प्रश्न एकच: महिन्याची ३० तारीख आहे, टेम्पो गेटवर उभा आहे, लॉटमध्ये तीन शाफ्ट ओव्हरसाइझ सापडलेत, प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतात, "अरे, दहा मायक्रॉनने काय होतंय? ग्राहक बघतसुद्धा नाही. सही कर." काय करशील?

दोन उत्तरं नापास होतात. "मी रिजेक्ट करीन, कुणाचं ऐकणार नाही" हे शूर वाटतं, पण असा माणूस पहिल्याच महिन्यात प्रॉडक्शनशी भांडून बसतो आणि नंतर त्याला कुणी काही सांगतच नाही. "साहेबांना विचारून सोडीन" हे तर संपलंच.

चालणारं उत्तर साधारण असं जातं. आधी मोजणं तपासेन: दुसऱ्या इन्स्ट्रुमेंटवर, जॉब थंड झाल्यावर, शक्य असेल तर दुसऱ्या इन्स्पेक्टरकडून. खरंच ओव्हरसाइझ असतील तर लॉटला लाल होल्ड टॅग लावून वेगळ्या जागेत ठेवेन आणि एनसीआर (नापास मालाचा रिपोर्ट) भरेन. मग साहेबांना सांगेन, "साहेब, सही माझ्याने होणार नाही, पण टेम्पो रिकामा जाऊ नये असं मलाही वाटतं. शंभर टक्के सॉर्टिंगला दोन माणसं द्या, चांगले पीस संध्याकाळपर्यंत सुटतील. उरलेले ओव्हरसाइझ आहेत म्हणजे ग्राइंडिंगने रिवर्क होतील. तसेच पाठवायचे असतील तर ग्राहकाकडून लेखी डेव्हिएशन, म्हणजे असाच माल चालेल अशी परवानगी, घेऊ." आणि हे माझ्या क्वालिटी हेडला लगेच कळवेन.

यात नकार आहे, पण सोबत वाट आहे. डेव्हिएशनचा निर्णय ना तुमचा, ना प्रॉडक्शनचा. तो ग्राहकाचा, आणि तो कागदावर हवा, फोनवर नको. हे उत्तर आरशासमोर नको, एखाद्या मित्राला प्रॉडक्शन मॅनेजर करून त्याच्यासमोर बोलून बघा. त्याला मुद्दाम आवाज चढवायला सांगा. पॅनलवरची माणसंही चढवतात.

ग्राहकाची तक्रार आली तर

इथे ८डी, व्हाय-व्हाय आणि फिशबोन या मूळ कारण शोधायच्या पद्धती एकत्र विचारतात. पायऱ्यांची नावं म्हणून दाखवू नका, एखादी गोष्ट उलगडून सांगा.

समजा ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर आपल्या पार्टच्या आत बर (कापलेल्या कडेला राहिलेलं धातूचं कुसळ) राहिल्यामुळे बोल्ट अडकला. पहिला प्रश्न 'का' नसतो, 'अजून कुठे' असतो: ग्राहकाच्या लाइनवर किती, त्यांच्या स्टोअरमध्ये किती, आपल्या फिनिश गुड्समध्ये, मशीनजवळच्या ट्रेमध्ये, आणि चाकणच्या वाटेवर खोपोलीत चहाला थांबलेल्या टेम्पोमध्ये किती. तो टेम्पो नव्वद टक्के उमेदवार विसरतात. सगळीकडचा माल होल्ड आणि सॉर्ट, हे कंटेनमेंट.

मग कारण, आणि तेही दोन बाजूंनी. बर आलीच का? आडव्या भोकाच्या कडेला चॅम्फर (कडेचा उतार) नीट झाला नाही. का? चॅम्फरचं टूल घासलेलं होतं. का? किती पीसनंतर बदलायचं ते ठरलेलंच नव्हतं. का? कंट्रोल प्लॅनमध्ये त्या टूलचा उल्लेखच नाही. आता दुसरी बाजू: आपल्याकडे पकडली का गेली नाही? थ्रेड गेज तर जात होतं. पण बर आडव्या भोकाच्या आतल्या कडेला होती आणि इन्स्पेक्शन शीटमध्ये तिथे बघायचा पॉइंटच नव्हता.

म्हणून उपाय दोन: टूल लाइफ ठरवून कंट्रोल प्लॅन बदलला, आणि इन्स्पेक्शन शीटमध्ये पॉइंट घातला. एफएमईएसुद्धा अपडेट केला, आणि असंच भोक असलेल्या बाकीच्या पार्टना तोच नियम लावला. एफएमईएवरून विचारलं तर सिव्हिअरिटी, ऑकरन्स, डिटेक्शनचा गुणाकार म्हणजे आरपीएन हे सांगाच, पण २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए हँडबुकपासून त्याच्या जागी ॲक्शन प्रायॉरिटी आली आहे, हेही सांगा.

मूळ कारण म्हणून "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं" आणि उपाय म्हणून "ऑपरेटरला समज दिली" हे चुकूनही बोलू नका. समज देऊन टूल घासायचं थांबत नाही.

औषधांच्या कारखान्यात

तारापूर-तळोज्याकडे फार्मा क्यूसीला जाणाऱ्यांना ओओएसचा प्रश्न ठरलेला. टेस्टचा निकाल स्पेसिफिकेशनबाहेर आला, काय कराल? "पुन्हा टेस्ट करीन" म्हणालात की दार बंद. आधी सुपरवायझरला कळवायचं, सोल्युशन आणि व्हायल फेकायचे नाहीत, मग लॅबमधली चौकशी: वजन, डायल्युशन, स्टँडर्डची मुदत, कॉलम, कॅल्क्युलेशन. लॅबची चूक सिद्ध झाली तरच ठरलेल्या पद्धतीने पहिला निकाल बाद होतो. पास येईपर्यंत टेस्ट करत राहणं हा गुन्हा समजतात, आणि ऑडिटरला तो क्रोमॅटोग्राफीच्या ऑडिट ट्रेलमध्ये (कुणी कधी काय केलं त्या कॉम्प्युटरमधल्या नोंदीत) सापडतो.

डेटाबद्दल अल्कोआ माहीत हवं: नोंद कुणाची ते कळावं, वाचता यावी, काम करतानाच लिहिलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. चुकलेला आकडा एका रेषेने खोडायचा, खालचा आकडा दिसला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर लॅबमध्ये नसतोच. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एमवरही (औषध कारखान्यांसाठीच्या सरकारी नियमांवर) एखादा प्रश्न धरून चला.

फ्रेशर असाल तर

'अनुभव नाही' हे तीनदा बोलून दाखवू नका, ते रेझ्युमेवर दिसतंच. अप्रेंटिसशिप किंवा कॉलेज प्रोजेक्टमधली एक खरी गोष्ट निवडा आणि आकड्यांसकट सांगा: कोणता पार्ट, काय मोजत होतात, किती रिजेक्शन होतं, कुठल्या रजिस्टरमध्ये लिहायचात. ऐकीव आकडे सांगू नका. दुसऱ्याच प्रश्नात "सिग्मा कसा काढला?" असं विचारतात आणि तिथे सगळं उघडं पडतं. माहीत नसेल तर "सर, हे मी वापरलेलं नाही, पण तत्त्व असं आहे" एवढं पुरे.

भाषेचं फार मनावर घेऊ नका. शॉप फ्लोअरवर मराठी आणि हिंदीच चालते, पॅनलही बऱ्याचदा मराठीत येतं. इंग्रजी लागते ती रिपोर्ट लिहायला. म्हणून एखादी एनसीआर इंग्रजीत चार ओळींत लिहून बघा: काय सापडलं, किती पीस, कोणत्या लॉटमध्ये, स्पेसिफिकेशन काय आणि प्रत्यक्ष माप काय. ती तिथल्या तिथे लिहायला सांगणाऱ्या कंपन्या आहेत.

त्या दिवशी

बुटांचा विचार आधी करा. राउंडला शॉप फ्लोअरवर नेतात, चप्पल किंवा सँडल असेल तर गेटवरच अडवतात. ट्रान्स-हार्बरने रबाळे, घणसोली, तुर्भ्याला उतरून एमआयडीसीत आत जायला रिक्षा लागते. बोईसरला डहाणू रोडची लोकल विरारनंतर फार वेळाने असते, वेळापत्रक आदल्या रात्रीच बघून ठेवा. मार्कशीट, अप्रेंटिस सर्टिफिकेट, ओळखपत्राच्या प्रती, साधा कॅल्क्युलेटर आणि पेन्सिल बरोबर असू द्या. काही गेटवर फोन जमा करून घेतात, त्यामुळे कॅल्क्युलेटर फोनमध्ये आहे म्हणून बसू नका.

शेवटी "काही विचारायचंय?" म्हणतील. पगाराआधी हे विचारा: "सध्या सगळ्यात जास्त रिजेक्शन कोणत्या डिफेक्टचं आहे?" आणि "इन्स्पेक्टर क्वालिटी हेडला रिपोर्ट करतो की प्रॉडक्शनला?" दुसऱ्याचं उत्तर "प्रॉडक्शनला" आलं, तर त्या कंपनीत होल्ड टॅग किती वेळ टिकतो ते ओळखून घ्या. मग शिफ्ट, रात्रपाळीला बस आहे का, ओव्हरटाइम, आणि हातात किती येणार ते बिनधास्त विचारा.